नगर जिल्ह्यातील ऊर्जाप्रकल्प आणि तांत्रिक साहाय्य : एक ऐतिहासिक विचार

मराठी शासनव्यवहारात ‘तांत्रिक’ हे विशेषण आज ज्या अर्थाने वावरते तो अर्थ फार जुना नाही. जुन्या वापरात तांत्रिक म्हणजे तंत्रमार्गाचा उपासक. लोकव्यवहारात तो मांत्रिकाचा जोडीदार. यंत्रविद्येशी ज्याचा संबंध ते तांत्रिक, हा अर्थ प्रामुख्याने गेल्या शतकातील परिभाषानिर्मितीने दृढ केला. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि पुढे ‘प्रशासकीय मान्यता’ व ‘तांत्रिक मान्यता’ ही जोडी गावोगावच्या दप्तरांत जाऊन पोहोचली. समाजमंदिर असो की पाण्याची टाकी, अंदाजपत्रकावर अभियंत्याची स्वाक्षरी झाल्यावाचून कामास आरंभ होत नाही. परिणामी ग्रामपंचायतीच्या दृष्टीने ‘तांत्रिक’ म्हणजे वरून मिळवून आणावयाची एक सही होय. ‘तांत्रिक साहाय्य’ हा शब्दप्रयोगही शासकीय कागदांत विपुल आढळतो. परंतु साहाय्य आणि मान्यता यांत अंतर किती, हे त्या कागदांवरून उमगत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष प्रकल्पांच्या इतिहासाकडे वळावे लागते.

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) या दृष्टीने अभ्यासास फार सोयीचा आहे. उत्तरेकडील प्रवरा-मुळेचा कालव्याखालचा ऊसपट्टा, पारनेर व नगर तालुक्यांतील उघडी, वाऱ्याची माळराने आणि पश्चिमेस अकोले तालुक्यातील सह्याद्रीचे कडे, अशी तीन भिन्न भूरूपे एकाच जिल्ह्यात नांदत असल्यामुळे शेण, चिपाड, वारा, पाणी आणि ऊन या पाचांपासून ऊर्जा मिळविण्याचे प्रयत्न येथे झाले. प्रत्येक प्रयत्नात कोणी तरी बाहेरून आराखडा आणला, कोणी तरी शिकविले, कोणी तरी शिकले अथवा शिकले नाही. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाभ्यासाचा असल्याने यंत्रांच्या गुणावगुणांविषयी निर्णय देण्याचा त्यास अधिकार नाही. मात्र यंत्राबरोबर आलेले ज्ञान कोणापाशी राहिले, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याच्या उत्तरात भाषेची साक्ष पुष्कळ उपयोगी पडते.

आरंभ मुळा-प्रवरेपासून करणे भाग आहे. आजच्या परिभाषेत ज्यास स्वच्छ ऊर्जा म्हणतात तिच्याशी या संस्थेचा संबंध नव्हता. ती घाऊक वीज विकत घेऊन किरकोळीने वाटीत असे. परंतु स्थानिक संस्थेस ऊर्जेच्या बाबतीत पद्धतशीर तांत्रिक साहाय्य मिळाल्याचे जिल्ह्यातील पहिले मोठे उदाहरण हेच होय. अमेरिकेत १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाचे स्वतंत्र प्रशासन निघाले आणि खासगी कंपन्या ज्या शेतवस्त्यांकडे फिरकत नव्हत्या तेथे शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून तारा ओढल्या. त्या संस्थांच्या राष्ट्रीय संघाने पुढे परदेशांतही सल्लामसलतीचे काम हाती घेतले. भारतात १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले तेव्हा या संघाच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने पाच राज्यांत पाच प्रायोगिक सहकारी संस्था निवडण्यात आल्या : आंध्रातील सिरसिल्ला, गुजरातेतील कोडीनार, तत्कालीन म्हैसूर राज्यातील हुक्केरी, उत्तर प्रदेशातील लखनौ आणि महाराष्ट्रातील मुळा-प्रवरा, मुख्यालय श्रीरामपूर.

निवड विचारपूर्वक झाली होती. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाल्यापासून या भागात बारमाही पाणी होते. लोणीजवळ प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीपासून ऊस गाळीत होता. सभासद, भागभांडवल, वार्षिक सभा, लेखापरीक्षण हे शब्द येथील शेतकऱ्यास नवे नव्हते. अमेरिकन नमुन्यास सहकाराची जी संस्कारभूमी लागते ती येथे आयती सापडली. श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, संगमनेर या तालुक्यांतील (आणि आजच्या राहाता तालुक्यातील) गावांना वीज पोहोचविण्याचे काम या संस्थेने चार दशके केले.

जे साहाय्य आले ते कागदी नव्हते. रोहित्रे कोठे बसवावीत, मीटरचे वाचन कोणी घ्यावे, देयके कशी काढावीत, हिशेब कसे ठेवावेत, हे सारे त्यात अंतर्भूत होते. म्हणजे यंत्र आणि कारभार यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता. पुढील अनेक योजनांत ही सांगड सुटलेली दिसते. म्हणून तिचे मोल अधिक.

मग ही संस्था बुडाली कशाने? २०११ साली तिच्या परवान्याची मुदत संपली आणि वितरणाचे काम महावितरणकडे गेले, तेव्हा घाऊक विजेच्या थकबाकीचा आकडा शेकडो कोटींच्या पुढे गेलेला होता. या अपयशाचे खापर सर्वस्वी संचालकांच्या राजकारणावर फोडण्याची प्रथा आहे, आणि राजकारण तेथे होते यात शंका नाही. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. संस्थेच्या ग्राहकांत शेतीपंपांचे प्रमाण मोठे होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात शेतीपंपांस मीटरऐवजी अश्वशक्तीवर आधारित आकारणी सुरू झाली, आणि मीटरवाचनाचे जे शिस्तबद्ध तंत्र मोठ्या कष्टाने रुजविले जात होते त्याचा पायाच निघाला. किती वीज गेली, किती गळली आणि किती चोरीस गेली, यांतील भेद सांगण्याचे साधन संस्थेपाशी राहिले नाही. किरकोळ दर राज्याच्या धोरणाने ठरत, घाऊक दरही अन्यत्र ठरे. मधली संस्था तेवढी ‘सहकारी’ होती. तंत्र शिकविले गेले, निर्णय मात्र सोपविला गेला नाही. सिरसिल्ला व हुक्केरी येथील संस्था पुढेही टिकून राहिल्या, तेव्हा सहकारी वीजवितरण हा विचारच मुळात चुकीचा होता असे म्हणता येत नाही.

याच काळात घडलेली भाषिक घटना येथे नोंदविण्याजोगी आहे. शासकीय परिभाषेने ट्रान्सफॉर्मरला ‘रोहित्र’ आणि जनरेटरला ‘जनित्र’ असे सुबक प्रतिशब्द दिले. ते वृत्तपत्रांत रुळले, देयकांवर छापले गेले; शेतावर मात्र ‘डीपी’च राहिली. ‘डीपी जळाली’, ‘डीपीवर वर्गणी काढली’, ‘डीपी उतरवून नेली’ ही वाक्ये ज्याने ऐकली नाहीत त्याने नगर जिल्ह्यातील एकही उन्हाळा पाहिला नाही असे समजावे. वीजपुरवठ्यास ‘लाईट’ म्हणतात, मग तिच्यावर दिवा लागो की पंप चालो. तारेवरून चोरून वीज घेण्याच्या क्रियेस ‘आकडा टाकणे’ हा अस्सल मराठी शब्दप्रयोग मात्र लोकांनी स्वतः घडविला. लोक जी क्रिया स्वतःच्या हाताने करतात तिला नाव देण्यासाठी त्यांना कोशाची गरज पडत नाही, आणि जे यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असते त्याला ते दुसऱ्याच्याच नावाने हाक मारतात. अर्थात हा नियम म्हणून मांडण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु पुढील उदाहरणांतही तो बऱ्याच अंशी लागू पडतो.

उसाच्या चिपाडाचे उदाहरण घ्यावे. गुऱ्हाळात रस निघाल्यावर उरलेले चिपाड वाळवून काहिलीखालच्या चुलवणात घालीत. रस आटविण्यास निराळे सरपण क्वचितच लागे. पिकाच्याच उरलेल्या भागावर पिकाची प्रक्रिया करणे ही कल्पना ऊसकऱ्याच्या अंगवळणी पडलेली होती. कारखान्याने तीच मोठ्या प्रमाणावर उचलली. गाळलेल्या उसाच्या सुमारे तीस टक्के वजनाचे चिपाड निघते. ते बॉयलरमध्ये जाळून वाफ करावयाची, वाफेवर झोतयंत्र फिरवून वीज काढावयाची आणि तीच वाफ पुढे रस आटविण्यास वापरावयाची. जुन्या कमी दाबाच्या बॉयलरांत कारखान्यापुरती वीज निघे. दाब वाढविला की तेवढ्याच चिपाडात विकण्याजोगी शिल्लक राहते. केंद्र शासनाने १९९० च्या दशकात यास प्रोत्साहन दिले आणि २००२ साली राज्य वीज नियामक आयोगाने या विजेचे दर ठरवून दिल्यावर महाराष्ट्रातील कारखाने सहवीजनिर्मितीकडे वळू लागले. नगर जिल्ह्यातील कारखानेही त्यांत होते.

येथे साहाय्याचे स्वरूप निराळे होते. मांजरी येथे १९७५ साली स्थापन झालेली आणि पुढे वसंतदादा पाटील यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली ऊससंशोधन संस्था ही ऊसउत्पादकांच्या कारखान्यांनीच उभारली. सल्ला घेणारा आणि सल्लागारास पोसणारा एकच. कारखान्यात बॉयलर अटेंडंट, फिटर, केमिस्ट यांची पिढ्यान्‌पिढ्यांची फळी होती. नवे यंत्र आले तेव्हा जुन्या माणसाच्या हाताखाली ते आले. या कारखान्यांच्या आर्थिक दुरवस्थेविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते इतरांनी लिहिले आहे. परंतु यंत्र कोणास समजत नाही म्हणून सहवीजप्रकल्प बंद पडला, अशी तक्रार या व्यवसायात सहसा ऐकू येत नाही.

याच्या अगदी उलट इतिहास शेणवायूचा. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले; १९६० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते स्वीकारले. शेण व पाणी समभाग कालवून विहिरीसारख्या खड्ड्यात सोडावयाचे, वर पोलादी टाकी उलटी घालावयाची. वायू साठला की टाकी वर उचलली जाते. रचना अशी की कोणाही शेतकऱ्यास डोळ्यांनी वायू ‘दिसावा’. दोष एकच, पोलाद गंजते. दरवर्षी रंग दिला नाही तर काही वर्षांत टाकीस भोके पडतात. त्यावर उपाय म्हणून चिनी नमुन्यावरून १९७८ साली स्थिर घुमटाचे ‘जनता’ आणि १९८४ साली त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’ संयंत्र निघाले. लोखंड गेले, पण त्याबरोबर सारा भार गवंड्यावर आला. विटांचा घुमट वायू धरील इतका निर्दोष बांधणे हे साध्या गवंड्याचे काम नव्हे. ज्या भागात कार्यकर्त्यांनी गवंड्यांचे शिक्षण हाती घेतले तेथे संयंत्रे चालली. जेथे १९८१-८२ च्या राष्ट्रीय प्रकल्पाखाली केवळ अनुदानाच्या उद्दिष्टांचा पाठलाग झाला तेथे ती पहिल्या तड्यासरशी निकामी झाली.

माझ्या आजोळी, पारनेर तालुक्यात, अशी एक गंजकी टाकी अंगणाच्या कडेला पडलेली होती. ती कोणी बसविली, तिचे अनुदान कोणी उचलले, याची घरात कोणासच आठवण नव्हती. रंग द्यावा लागतो हे कोणी सांगितल्याचेही कोणास स्मरत नव्हते. आजी तिच्याखाली कोंबड्या कोंडी. आम्हा मुलांस ते कोंबड्यांचेच घर वाटे.

‘गोबरगॅस’ हा शब्दही या दृष्टीने बोलका आहे. मराठीत शेण आहे, आणि ‘गोबर’च्याच कुळातील ‘गोवरी’ घरोघर थापली जात होती. तरीही शेणापासूनचा वायू आला तो हिंदी पूर्वपद आणि इंग्रजी उत्तरपद घेऊन. जाळण्याच्या शेणास घरचे नाव, न जाळता वापरण्याच्या शेणास पाहुण्याचे.

त्याच पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी हे गाव या नियमास अपवाद ठरले, आणि अपवादाचे कारण तंत्रात नाही. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रथम पाणी अडविण्याचे काम झाले; पाण्यामागून चारा, चाऱ्यामागून जनावरे, जनावरांमागून शेण. सामुदायिक संयंत्रे, शौचालयास जोडलेला वायू, सौर पथदीप, पाणी उपसणारी पवनचक्की हे सर्व त्या क्रमाने येऊ शकले. पाण्यावाचून शेणवायू नाही, ही गोष्ट अवर्षणग्रस्त तालुक्यांत अनुदान वाटणाऱ्यांच्या लक्षात यावयास हवी होती. शौचालयाच्या वायूसंबंधी महाराष्ट्रात झालेले सर्वांत चिकाटीचे काम देहूच्या डॉ. सुहास मापुसकर यांचे. ते अभियंते नव्हते, प्राथमिक आरोग्यकेंद्राचे वैद्यकीय अधिकारी होते. गावातच राहून संयंत्र बिघडलेले पाहणारा आणि आराखडा पुन्हा दुरुस्त करणारा मनुष्य, हेच येथे खरे तांत्रिक साहाय्य होते.

शिर्डीचे उदाहरण संस्थेच्या बळाचे आहे. वुल्फगांग शेफलर या भौतिकीतज्ज्ञाने १९८६ साली केनियात पहिला अंतर्वक्र परावर्तक उभारला. सूर्य सरकला तरी त्याचा नाभीबिंदू जागचा हलत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. ब्रह्माकुमारींच्या अबू येथील केंद्रामार्फत ते तंत्र भारतात रुजले. साईबाबा संस्थानाने प्रथम ४० तबकड्यांचा लहान प्रयोग केला आणि २००९ साली प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या प्रसादालयाच्या माथ्यावर बसविल्या. त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजू लागले. वर्षाला सुमारे एक लाख किलो वायुइंधनाची बचत अपेक्षित होती. खर्च सुमारे एक कोटी ३३ लक्ष, त्यात केंद्राचे अनुदान ५८ लक्षांच्या आसपास. लक्षात घेण्याजोगे हे की आधी लहान प्रयोग, मग काही वर्षांचा अनुभव, मग मोठा प्रकल्प असा क्रम येथे पाळला गेला. तो पाळणे संस्थानास परवडले, कारण भूक रोजची होती आणि कर्मचारी पगारी होते. सामान्य ग्रामपंचायतीस यांतील दुसरी गोष्ट परवडत नाही.

घाटघरच्या उदंचन प्रकल्पाविषयी विस्ताराने लिहिण्याची ही जागा नव्हे. अकोले तालुक्यातील घाटघर येथे वरचा जलाशय, कड्याखाली ठाणे जिल्ह्यात चोंढे येथे खालचा, मध्ये १२५ मेगावॉटचे दोन संच. जपानच्या कर्जसाहाय्याने २००८ साली तो पूर्ण झाला, आणि रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे भारतात प्रथम येथेच बांधली गेली. रात्रीच्या शिलकी विजेवर पाणी वर चढवावयाचे आणि सायंकाळच्या गर्दीत ते खाली सोडावयाचे, ही मूळ योजना. आता सौरऊर्जेमुळे शिल्लक दुपारी पडू लागली आहे, तेव्हा अशा प्रकल्पांचे घड्याळ उलटे फिरविण्याची वेळ येत आहे. राज्याच्या अभियंत्यांनी त्यातून पुष्कळ शिकून घेतले. अकोल्याच्या आदिवासी गावांनी काय शिकले, असे विचारणे त्या प्रकल्पास कदाचित अन्यायाचे होईल. तो त्यांच्यासाठी नव्हताच.

वाऱ्याचेही थोडेफार असेच. राज्यात महाऊर्जा ही संस्था १९८५ साली नोंदली गेली. वारा आणि ऊन यांची मोजदाद सरकारी खर्चाने झाली. ॲना मणी यांनी सौर प्रारणाच्या आणि पुढे वाऱ्याच्या नोंदींचे जे ग्रंथ सिद्ध केले त्यांच्या आधारावर पुढील गुंतवणूकदारांनी डोंगर निवडले. सुपे परिसरात आणि नगर तालुक्यातील खांडके येथे टाटा कंपनीची पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. मोजमाप हे तांत्रिक साहाय्याचे सर्वांत शुद्ध रूप आहे असे माझे मत आहे, कारण ते कोणासही वापरता येते. पण ते वापरण्याची ऐपत असावी लागते. गावाच्या वाट्यास जमिनीचा मोबदला आणि पहारेकऱ्याची नोकरी आली. संभाजीनगरची पाणचक्की धान्य दळीत असे. ही चक्की गावाचे काहीच दळीत नाही, तरी नाव तेच.

आता वर्तमानाकडे. राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली आणि पहिल्या प्रयोगासाठी राळेगण सिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे निवडली. शेतीपंपांची वाहिनी निराळी काढून तिला जवळच्या सौरप्रकल्पातून दिवसा वीज द्यावयाची, ही कल्पना. २०२३ साली योजनेचा दुसरा, फार मोठा टप्पा सुरू झाला. तिच्यामागील गरज खरी आहे. आठवड्याच्या पाळीने रात्री येणाऱ्या विजेवर उसाला पाणी देणे म्हणजे काय, हे संगमनेर-अकोल्याकडील शेतकऱ्यास विचारावे. बिबट्या उसातच वितो. रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून ‘ऑटोस्विच’ बसविण्याची युक्ती लोकांनी काढली, तीही या भयापोटीच. दिवसाची लाईट ही येथे सोय नाही, जिवाचा प्रश्न आहे.

परंतु व्यवस्था पाहिली तर ती पवनचक्कीच्या जवळची आहे, मुळा-प्रवरेच्या नव्हे. विकासक खासगी, करार २५ वर्षांचा, देखभाल विकासकाची. जमीनमालकास दर हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे, त्यात वर्षाला तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीस काही वर्षे अनुदान. मुळा-प्रवरेत गावाला संस्था मिळाली आणि तोटाही मिळाला. येथे तोटा नाही, संस्थाही नाही. ज्या शेतकऱ्याने संस्थेची थकबाकी पाहिली आहे तो हा सौदा आनंदाने स्वीकारील, आणि त्याला दोष देता येणार नाही. माझा आक्षेप एवढाच की २५ वर्षे गावाच्या शिवारात उभ्या राहणाऱ्या यंत्राविषयी गावातील एकाही तरुणास काही शिकविण्याची तरतूद साहाय्याच्या हिशेबात येत नाही.

वैयक्तिक सौरपंपाच्या योजनेत, म्हणजे २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेत, हे अधिक ठळकपणे दिसते. शेतकऱ्याने दहा टक्के (अनुसूचित जाती-जमातींनी पाच टक्के) रक्कम भरावयाची. पुरवठादारावर पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी. नगर जिल्ह्यातील कोणत्याही बाजारच्या गावी जावे. मोटर वाइंडिंगचे दुकान सापडल्यावाचून राहत नाही. जळालेली मोटर सकाळी आणावी, संध्याकाळी तांब्याची तार भरून न्यावी. कोणत्याही योजनेने निर्माण न केलेली, कोणत्याही अनुदानावाचून टिकलेली ही खरी स्थानिक तांत्रिक विद्या आहे, आणि तिला स्वतःची मराठी आहे : मोटर ‘जळते’, ‘भरली’ जाते, पाणी ‘उचलते’ किंवा ‘सोडते’. सौरपंपाचा नियंत्रक मात्र बंद पेटीत असतो. तो बिघडला की वाइंडिंगवाला हात जोडतो आणि शेतकरी पुरवठादाराच्या दूरध्वनी क्रमांकाकडे वळतो. पहिल्या पंपांची पाच वर्षे २०२९ पासून संपू लागतील. तोपर्यंत ती पेटी उघडण्याचे शिक्षण या दुकानांपर्यंत नेता येणे अशक्य नाही. राहुरीस १९६८ सालापासून कृषी विद्यापीठ आहे, कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, आणि तालुक्यातालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. श्रीरामपूरच्या वाइंडिंगवाल्याचे दुकान राहुरीपासून एका तासाच्या वाटेवर आहे.